बारीक पाय, कठीण बालपण आणि ज्युदोची मॅट : कोकणात राहून सुरुवात कशी करायची

मी दोन वर्षांचा असताना पोलिओ झाला आणि डावा पाय मांडीपासून बारीक राहिला. गाव मालवण तालुक्यात, खाडीच्या काठाला. बाबा ट्रॉलरवर खलाशी होते, पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की घरात पैसा नसायचा आणि मग बाबांचा हात चालायचा, कधी आईवर कधी माझ्यावर. शाळेत मला नावाने कोणी हाक मारत नव्हतं, 'लंगडो' एवढंच. सतराव्या वर्षी ज्युदोच्या मॅटवर पहिल्यांदा उतरलो आणि आता गेली काही वर्षं रविवारी समाजमंदिराच्या हॉलमध्ये पोरांना शिकवतो, त्यात चार-पाच जणं अशी असतात ज्यांना हाताची, पायाची किंवा नजरेची अडचण आहे. दर महिन्याला कोणीतरी फोन करून विचारतं की सर माझ्या मुलाला असं असं आहे, तो खेळू शकेल का, सुरुवात कुठून करायची. तेच ते फोनवर सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे कोणी चुकीची आशा धरणार नाही. ज्युदोने माझा पाय बरा झालेला नाही, तो होता तितकाच बारीक आहे. बदललं ते वेगळंच काहीतरी, त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

पहिलं काम : डॉक्टर

क्लासच्या आधी हे. तुमची अडचण नेमकी कशामुळे आहे हे माहीत असल्याशिवाय कुठलाच कोच तुम्हाला नीट शिकवू शकत नाही. 'लहानपणापासून पाय असाच आहे' एवढं सांगून भागत नाही, कारण पोलिओचा पाय वेगळा, सेरेब्रल पाल्सीचा (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नसण्याचा) वेगळा आणि मणक्याला मार लागून गेलेला वेगळा. पोलिओच्या पायात ताकद नसते पण स्पर्श कळतो, दुखलं तर दुखतं. मणक्याच्या दुखापतीत कित्येकदा स्पर्शच कळत नाही, म्हणजे मॅटवर घासून कातडी सोलवटली तरी पत्ता लागत नाही, अशा माणसाने प्रॅक्टिसनंतर रोज आरशात बघून अंग तपासायचं, त्याला पर्याय नाही. सेरेब्रल पाल्सीत स्नायू आखडलेले असतात, त्यांना वॉर्मअप दुप्पट वेळ द्यावा लागतो आणि झटका देऊन ताणलं तर उलट जास्त आखडतात.

पोलिओवाल्यांसाठी दोन गोष्टी. त्या पायाचं हाड बऱ्याचदा नाजूक असतं, त्यामुळे तो पाय दुसऱ्याच्या वजनाखाली अडकणार नाही हे बघणं पहिली जबाबदारी. आणि दुसरं म्हणजे दमेपर्यंत मेहनत करायची हे आपल्याला चालत नाही. पोलिओ होऊन वीस-तीस वर्षं झाल्यावर काही जणांची ताकद पुन्हा कमी व्हायला लागते, जास्त ताण दिला तर अजून. माझा नियम साधा आहे, आजचा थकवा उद्या सकाळपर्यंत गेला नाही तर पुढच्या वेळी निम्मंच करायचं.

आणि काही जणांनी हा खेळ खेळायचाच नाही. हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार असेल, हाडं सहज मोडण्याचा आजार असेल तर नाही म्हणजे नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, त्यांची मान तपासून डॉक्टरांनी लेखी हो म्हटल्याशिवाय मॅटवर घेऊ नये. कोकणातून मोठ्या तपासणीसाठी किंवा कॅलिपरसाठी (पायाला आधार द्यायला बांधतात तो पट्ट्यांचा सांगाडा) बरेच जण मुंबईला हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत जातात, मीही गेलोय, तिथे जाणारच असाल तर खेळाचा विषय तिथल्या फिजिओथेरपिस्टकडे नक्की काढा.

खेळ कुठला घ्यायचा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लोकांना वाटतं 'पॅरा' लावलं की सगळ्या दिव्यांगांसाठी. तसं नाहीये. पॅरालिम्पिकमधलं ज्युदो फक्त दृष्टिबाधितांसाठी आहे, 1988 च्या सोलपासून. त्यात जे1 म्हणजे अजिबात किंवा जवळपास न दिसणारे आणि जे2 म्हणजे थोडं दिसणारे, आणि लढत सुरू होतानाच दोघांनी एकमेकांच्या कपड्याची पकड घेतलेली असते. मध्य प्रदेशातल्या सिहोरच्या कपिल परमारने 2024 ला पॅरिसमध्ये 60 किलो वजनगटात जे1 मध्ये ब्राँझ मिळवलं, ज्युदोतलं भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक पदक. लहानपणी शेतात विजेचा शॉक बसून त्याची नजर गेली, आणि घर चालवायला त्याने चहाची टपरीही चालवली.

पॅरा तायक्वांदो 2020 च्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये आलं, ते मुख्यतः हातांची अडचण असलेल्यांसाठी. त्यात डोक्यावर किक मारायला बंदी आहे, गुण धडावरच्या किकचे. हरियाणाची अरुणा तंवर तिथे भारताकडून खेळली. एक हात कोपराखाली नसलेल्या मुलाला मी म्हणूनच आधी तायक्वांदोचा क्लास शोधायला सांगतो, आणि कराटे-तायक्वांदोचे क्लास आपल्याकडे तालुक्याच्या गावात बहुतेक ठिकाणी मिळतातच. पायांची अडचण असलेल्यांना पॅरालिम्पिकमध्ये जायचं असेल तर लढतीच्या खेळांपैकी व्हीलचेअर फेन्सिंग आहे, खुर्च्या जमिनीवरच्या फ्रेममध्ये घट्ट बसवतात आणि बसल्या जागी तलवार चालते, पण कोकणात ते शिकायला मिळणं अवघड.

मग माझ्यासारख्या पायवाल्याने ज्युदो का घ्यावं, पॅरालिम्पिकमध्ये आपला गटच नाही तर? कारण अर्धं ज्युदो जमिनीवर आहे. खाली गेलं की उंची संपते, पळणं संपतं, उरते पकड, छातीचं वजन आणि डोकं. अमेरिकेचा अँथनी रोबल्स जन्मापासून एकाच पायाचा, तो 2011 ला तिथली कॉलेजची राष्ट्रीय कुस्ती 125 पौंड गटात जिंकला, दोन पायवाल्यांना हरवून. तो इतका खाली राहायचा की त्याचा पाय धरायला समोरच्याला जागाच मिळायची नाही आणि कुबड्यांवर आयुष्य काढल्यामुळे त्याची पकड लोखंडासारखी होती. आपल्यातही हे असतंच, फक्त आपण त्याच्याकडे ताकद म्हणून बघत नाही. मी लहानपणापासून डाव्या गुडघ्यावर डावा हात दाबून चालायचो, पोलिओवाले बरेच जण तसेच चालतात, आणि आईबरोबर विहिरीचं पाणी शेंदायचं काम माझं असायचं कारण ते एका जागी उभं राहून होतं. पहिल्याच आठवड्यात माझ्या ज्युदोच्या सरांनी माझी पकड सोडवून बघितली आणि विचारलं काय करतोस रे घरी. पाणी शेंदतो म्हटलं.

स्पर्धा खेळायच्या नसतील तर पॅरा गट बघायची गरजच नाही, जवळ जे मिळेल आणि जिथला माणूस चांगला आहे ते घ्या.

क्लास आणि कोच

मला एका क्लासमधून दारातूनच परत पाठवलं होतं, पाय मोडला तर जबाबदारी कोणाची म्हणून. घरी आलो तर आई पण तेच म्हणाली, "पाय मोडलो तर कोन बघतलो तुका?" दोघांचंही भय खरं होतं. म्हणून मी सांगतो, आधी एकटे जाऊन कोचशी बोला, क्लास चालू असताना तासभर बाजूला बसून बघा. बघायचं काय? चेष्टेत कोणी कोणाला जोरात आपटतंय का. लहान पोर रडलं तर सर काय करतात. मॅट किती जाडीची आहे, कारण कराटेची 20-25 मिलिमीटरची मॅट पडण्यासाठी पुरत नाही, ज्युदोला निदान 40 हवी. बाथरूमला पायऱ्या किती. आणि जो कोच पहिल्या दहा मिनिटांत 'काही काळजी करू नका, दोन महिन्यांत चॅम्पियन करतो' म्हणतो त्याच्याकडे जाऊ नका, आणि जो विचारतो की कुठे दुखतं, काय जमत नाही, काय जमतं, त्याला अपंगांना शिकवायचा अनुभव शून्य असला तरी चालेल, तो शिकेल.

पहिल्या दिवशी पैसे घालून ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा जाड पोशाख, घ्यायची घाई नको. जाड कापडाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट आणि ट्रॅकपँट पुरते. नखं कापा, कानातलं, गळ्यातलं, कडं काढा. कॅलिपर, कृत्रिम हातपाय मॅटच्या बाहेर ठेवायचे, धातू आणि कडक वस्तू लढतीत चालत नाहीत, समोरच्याला लागतं. हे काढणं पहिल्यांदा फार जड जातं हे मला माहीत आहे. सगळ्यांसमोर पट्टे सोडायचे आणि तो पाय उघडा. मी पहिले तीन दिवस कॅलिपर घालूनच कडेला बसून होतो. चौथ्या दिवशी सर माझ्या बाजूला येऊन बसले, काही बोलले नाहीत, स्वतःच्या गुडघ्याची पट्टी सोडली आणि ऑपरेशनची खूण दाखवली. मग मी पट्टे सोडले. मॅटपर्यंत सरपटत गेलात तरी चालतं, कोणाला उचलून न्यायला सांगू नका आणि कोणी विचारल्याशिवाय उचलत असेल तर स्पष्ट नको म्हणा.

पडायला शिका

पहिला महिनाभर फक्त हेच. ज्युदोत याला उकेमी म्हणतात. ज्यांचा तोल रोज जातो त्यांच्या अंगात पडायचं भय इतकं मुरलेलं असतं की पडताना आपण हात सरळ करून जमिनीला लावतो, आणि मनगट, नाहीतर कोपर तिथेच मोडतं. ती सवय मोडायची.

आधी पाठीवर झोपा. हनुवटी छातीला लावा आणि स्वतःच्या बेल्टच्या गाठीकडे बघा, म्हणजे डोकं आपटत नाही. दोन्ही हात छातीवर आडवे, तिथून तळव्यापासून कोपरापर्यंत सगळा हात एकदम मॅटवर मारायचा, अंगापासून साधारण तीस-चाळीस अंशांवर, खांद्याच्या रेषेत नाही. मारताना श्वास सोडायचा. आवाज 'थाप' असा आला पाहिजे, 'टक' आला तर कोपर आधी लागलं. शंभर वेळा करा, तीन दिवस करा. मग बसून मागे लवंडा. मग उकिडवं बसून, आणि उकिडवं बसता येत नसेल तर गुडघ्यांवरून किंवा बुटक्या पाटावरून. उभ्याने पडायची वेळ महिन्याने येते आणि नाही आली तरी हरकत नाही.

एक पाय कमजोर असेल तर सुरुवातीला चांगल्या बाजूलाच पडा आणि कमजोर पाय पुढे सोडून द्या, तो अंगाखाली दुमडला की धोका. एकच हात असेल तर त्याच हाताने थाप द्या आणि दुसऱ्या बाजूला पडताना पाठ गोल करून घरंगळा. दिसत नसेल तर कोचची बाही धरून सुरू करा आणि मॅटची कड कुठे संपते ते आधी हाताने चाचपून घ्या.

घरी सराव करायचा तर पडवीत दोन गोधड्या. पुळणीवर करू का असं पोरं विचारतात, समुद्र जवळ आहे म्हणून. ओहोटीची ओली वाळू जवळजवळ फरशीइतकी टणक असते आणि वरची सुकी वाळू मऊ असली तरी त्यात पाय रुततो आणि गुडघा पिळतो, कुबडी तर सरळ आत जाते. बसून लवंडण्याच्या सरावापुरती सुकी वाळू ठीक, बाकी नको.

एक फायदा लगेच दिसतो. आपल्याकडे पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, मी दर पावसाळ्यात दोन-तीनदा पडायचो आणि एकदा मनगट मोडलं होतं. ज्युदो सुरू केल्यावर पडणं थांबलं नाही, पण हाड मोडलं नाही त्यानंतर.

खाली लढायचं

महिन्यानंतर पकड आणि जमिनीवरचं काम. पकडीसाठी पडवीच्या वाशाला जुना टॉवेल टाका, त्याची दोन टोकं धरून लोंबकळा, दहा सेकंद, मग पंधरा, बसून केलं तरी चालतं. आधी वासा वाळवीने खाल्लेला नाही ना ते बघा.

धरून ठेवण्याच्या डावांत बहुतेक ठिकाणी केसा-गातामे पहिल्यांदा शिकवतात, त्यात दोन्ही पाय फाकवून तोल धरावा लागतो, एका पायाने तो निसटतो आणि नवीन पोराला वाटतं आपल्याला जमणारच नाही. कोचला सांगा की मला कामी-शिहो आधी शिकवा, त्यात समोरच्याच्या डोक्याच्या बाजूने छाती टाकून त्याचा बेल्ट दोन्हीकडून धरायचा, पायांचं काम फार कमी. वीस सेकंद धरलंत की इप्पोन, लढत जिंकली. मी पहिल्यांदा एका धडधाकट पोराला असं वीस सेकंद धरलं तेव्हा कोणीतरी मोठ्याने आकडे मोजत होतं आणि मला बाराच्या पुढचं काही ऐकूच आलं नाही, फक्त खालचा पोर जोर लावत होता आणि सुटत नव्हता एवढंच कळत होतं.

पावसाळा

थोडक्यात सांगतो. जून ते सप्टेंबर काहीच सुकत नाही, ओल्या ज्युदोगीत गजकर्ण होतं आणि एका पोराचं सगळ्या क्लासला लागतं. दोन शर्ट ठेवा, मॅट दर वेळी पुसून उभ्या करा, चट्टा दिसला तर बरा होईपर्यंत मॅटवर यायचं नाही. पोलिओचा पाय पावसात गार पडतो, आधी चोळून गरम करा. कॅलिपरच्या पट्ट्याची लाल खूण अर्ध्या तासात गेली नाही तर पट्टा चुकीचा बसतोय, बनवणाऱ्याकडे जा. कुबडीच्या खालचं रबर मे संपायच्या आत बदला.

कागदपत्रं आणि प्रवास

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून घ्या, अर्ज स्वावलंबनच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो आणि तपासणी जिल्हा रुग्णालयात, म्हणजे सिंधुदुर्गवाल्यांना ओरोस, रत्नागिरीवाल्यांना रत्नागिरी, रायगडला अलिबाग. अपंगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर एसटीत 75 टक्के सवलत मिळते, आठवड्यात तीनदा तालुक्याला जायचं तर तो फार मोठा आधार आहे. क्लासची वेळ ठरवायच्या आधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ बघा, गावातली पोरं खेळ सोडतात ती बऱ्याचदा ह्याच कारणाने. आणि हे लक्षात ठेवा की सरकारी सर्टिफिकेटवरचे टक्के आणि खेळातला गट ह्या वेगळ्या गोष्टी आहेत, पॅरा स्पर्धेत तुम्ही बसता की नाही हे त्या खेळाचे वर्गीकरण करणारे लोक स्वतः तपासून ठरवतात. स्पर्धेचा विचार वर्षभर तरी नको.

टॅप

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. अपंग मुलाच्या अंगाला लोक दोनच प्रकारे हात लावतात, एक तर कीव म्हणून उचलायला नाहीतर मारायला. घरात मार खाल्लेलं मूल असेल तर दुसराच जास्त. अशा मुलाची कोणी कॉलर धरली की ते दगड होतं किंवा डोळे मिटून वेड्यासारखे हात मारतं. मी दगड व्हायचो. बाबा कॉलर धरूनच ओढायचे, त्यामुळे ज्युदोची पकड म्हणजे माझ्यासाठी तोच हात होता. सरांना कारण मी सांगितलं नव्हतं पण त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी पकड शिकवायच्या आधी टॅप शिकवला.

टॅप म्हणजे समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप, हात अडकले असतील तर पायाने, नाहीतर तोंडाने. थाप पडली की समोरचा सोडतो. त्याच क्षणी, कारण न विचारता. सरांनी मला हलकं धरायचं, मी थाप द्यायची, ते सोडायचे. असं त्यांनी त्या दिवशी तीस-चाळीस वेळा केलं. मी सतरा वर्षांचा होतो आणि माझ्या 'पुरे' म्हणण्यावर कोणी थांबलंय हे मी तोपर्यंत बघितलंच नव्हतं.

म्हणून कोच आणि पालक दोघांना सांगतो. नवीन मुलाला पहिल्या दिवशी टॅप शिकवा, बाकी सगळं त्यानंतर. हात लावायच्या आधी कुठे धरणार ते सांगा आणि विचारा. पहिले काही आठवडे मुलाने स्वतः धरायचं, त्याला कोणी धरायचं नाही. मागून अचानक पकडायचं नाही. मूल थिजलं तर डाव थांबवा, त्याला बसू दे, पाणी द्या, 'घाबरतोस काय' म्हणू नका. आणि खेळात न बसणारे वळ, भाजल्याच्या खुणा दिसल्या तर गप्प बसू नका, 1098 हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून ठेवा, आमच्याकडे तो पाण्याच्या पिंपाच्या वर लावलाय म्हणजे पाणी प्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला दिसतो.

मोठं होऊन शिकायला आलेल्यांनीही हे स्वतःसाठी करावं, लाज धरू नका. कोचला एवढंच सांगा, 'मला कॉलर धरलेली सहन होत नाही, आधी बाही धरून सुरू करूया.' कारण सांगायची गरज नाही. आणि ज्या क्लासमध्ये तुमची थाप पडल्यावरही समोरचा दोन सेकंद जास्त धरून ठेवतो आणि सर बघून हसतात, तिथून कॅलिपर घाला आणि निघा. दुसरा क्लास मिळेपर्यंत पडवीत गोधडीवर थाप चालू ठेवा, रोज शंभर, हनुवटी छातीला लावून.